दंगा पायथ्याशी करा की

टायगर पॉइंटच्या ग्लास स्कायवॉकवरून जे भांडण चाललंय ना ते वाचून वाचून डोकं उठलंय. 2024 मध्ये सरकारने जाहीर केलं की लोणावळ्याच्या वर कुरवंड्याला, टायगर पॉइंट आणि लायन्स पॉइंटच्या परिसरात, 333 कोटी खर्चून काचेचा स्कायवॉक होणार, सोबत झिपलाइन, बंजी जंपिंग, फूड पार्क, ॲम्फीथिएटर, ओपन जिम वगैरे वगैरे. तेव्हापासून दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते केरळात वागामोनला काचेचा पूल झाला, लोक रांगा लावून जातात, मग आपल्याकडेच का नको, तुम्हाला मराठी माणसाची प्रगती बघवत नाही. दुसरी म्हणते सह्याद्रीची वाट लावली, ही असली पब्लिक डोंगरात यायलाच नको, ह्यांना मॉलमध्ये पाठवा. पहिल्या पार्टीला डोंगर म्हणजे रिकामी पडलेली सरकारी जागा वाटते आणि दुसरीला डोंगर म्हणजे आपल्या ट्रेकिंग ग्रुपची वडिलोपार्जित इस्टेट. दोघांपैकी कोणीच हे विचारत नाही की नेमकं काय, नेमकं कुठे, आणि एका दिवसात किती लोकांसाठी. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाचून शिव्या घालायची गरज नाही. थीम पार्कला माझा विरोध नाही, बिलकुल नाही. पण ते घाटाखाली, सपाटीवर, हायवेला लागून असावं आणि वरचा कडा मोकळा राहावा. आणि मोकळा म्हणजे आत्ता आहे तसा रामभरोसे नव्हे, तर एखादं चांगलं थीम पार्क जसं मोजूनमापून चालवतात तसा सांभाळलेला.

आधी निसर्गवाल्यांचा समाचार घेऊ कारण मी स्वतःही त्याच गोटातला समजला जातो. ह्यांचं आवडतं वाक्य म्हणजे निसर्ग होता तसा राहू द्या. होता तसा म्हणजे कधीचा हो? कार्ल्याचं लेणं बघा. दोन हजार वर्षांपूर्वी ह्याच डोंगररांगेत छिन्नी-हातोड्याचा केवढा खणखणाट चालला असेल, आणि त्याला दान देणारे कोण, तर व्यापारी, त्यात यवन म्हणजे त्या काळचे ग्रीकसुद्धा, खांबांवर लेख आहेत त्यांचे. नाणेघाटात तर जकातीचा रांजणच आहे, म्हणजे घाट चढायचा तर पैसे टाका ही भानगड सातवाहनांच्या काळापासूनची. त्याच कार्ल्याला एकवीरा आईच्या चैत्री यात्रेला कोळी-आगरी समाज पालख्या घेऊन, वाजतगाजत येतो, ती शांतता आहे का? 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा अख्खा घाट सुरुंग लावून फोडला होता आणि ज्या भुशी डॅमच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात अर्धी मुंबई आणि उरलेलं पुणं बसलेलं असतं ते धरण रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं. म्हणजे आपण ज्याला निसर्ग म्हणून सेल्फी काढतो त्यातलं निम्मं माणसाने केलेलं आहे. माथेरान 1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट वर चढला म्हणून हिल स्टेशन झालं, महाबळेश्वर त्याच्याही आधी मुंबईचा गव्हर्नर माल्कमने वसवलं, साहेबाला उकडत होतं म्हणून. त्या डोंगरांत धनगर, कातकरी, ठाकर, कोळी आधीपासून राहतच होते. तेव्हा डोंगरात माणूसच नको, आवाजच नको हा मुद्दा इतिहासाच्या परीक्षेत नापास आहे, तो सोडून द्या.

पण ह्याच इतिहासात एक गोष्ट आहे जी स्कायवॉकवाले सोयीस्कर विसरतात. यात्रेला तिथी असते. गर्दी येते, चार दिवस धुडगूस घालते आणि जाते, मग वर्षभर डोंगर आपला आपण असतो. जत्रेत पाळणे असतातच, मौत का कुआ असतो, बर्फाचा गोळा असतो, तमाशाचा फड असतो, पण ते सगळं लागतं गावाबाहेरच्या माळावर. गाभाऱ्यात कोणी पाळणा लावत नाही आणि म्हणून पाळण्याला कोणी पापही म्हणत नाही. आपल्या लोकांनी हा प्रश्न शेकडो वर्षांपूर्वी सोडवून ठेवलाय, देवाचा डोंगर आणि जत्रेचा माळ ह्यांची जागा वेगळी ठेवून, आणि आपण 333 कोटी घेऊन नेमकं उलटं करायला निघालोय.

आता मजेचा मुद्दा. काही लोकांना मजा म्हटलं की लगेच नाक मुरडायची सवय असते. मला सांगा, एक घर आहे, त्यात सत्तरीची आजी, गुडघे गेलेले, सहा वर्षांचा नातू ज्याला धुकं बघून दहा मिनिटात कंटाळा येतो, सून जिला महिन्यातून एक रविवार मिळतो आणि तिला त्या दिवशी स्वयंपाक नकोय, स्वच्छ बाथरूम हवंय. ह्या लोकांनी राजमाचीला चालत जायचं का? त्यांना पाण्याच्या घसरगुंडीवरून घसरायचंय तर घसरू द्या की. खोपोली-पाली रोडला 2013 साली इमॅजिका झालं, नंतर वॉटर पार्क झालं, मग 2016 मध्ये स्नो पार्कसुद्धा काढलं, म्हणजे रायगड जिल्ह्याच्या घामट हवेत कृत्रिम बर्फ! हसू येतं मला पण कोणाचं काय बिघडलं? पार्क सपाटीवर आहे, त्याला गेट आहे, तिकीट आहे, पार्किंग आहे, लाइफगार्ड आहेत, बायकांना जायला जागा आहे. दिवसभर लोक ओरडतात आणि संध्याकाळी घरी जातात. मागे सह्याद्रीची भिंत उभी आहे ती त्यांना फुकटात दिसते. माझ्या मते घाटाचा बॅलन्स म्हणतात तो हाच आणि तो कोणी मुद्दाम आखून केलेला नाही, पार्क काढणाऱ्याला मोठी सलग जमीन आणि एक्सप्रेसवे हवा होता, तो खाली मिळाला, म्हणून झालं. योगायोगाने बरोबर झालेली गोष्ट आता धोरण म्हणून का करू नये एवढंच माझं म्हणणं.

बरं मग वर काय अडतंय? पहिली गोष्ट रस्ता. लोणावळ्यातून भुशीवरून, आयएनएस शिवाजीच्या बाजूने, लायन्स पॉइंटला आणि पुढे ॲम्बी व्हॅलीकडे जाणारा तो एकच रस्ता. पावसाळ्यातल्या शनिवारी-रविवारी तिथे काय होतं ते सगळ्यांना माहितीय, गाड्या इंच इंच सरकतात, गावातल्या माणसाला दवाखान्यात जायचं झालं तर तोही त्याच रांगेत. आता त्याच रस्त्याच्या टोकाला नवीन आकर्षण ठेवायचं म्हणजे आणखी गाड्या, मग रस्ता रुंद करा, मग पार्किंगसाठी पठार सपाट करा, मग पार्किंगपासून लांब पडतं म्हणून आणखी काहीतरी. काचेचा पूल चार-पाच हेक्टरात बसेलही, पण त्याच्या शेपटीला जे येतं ते बसत नाही. दुसरी गोष्ट हवा. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यात. टायगर पॉइंटला गर्दी कधी असते, तर ह्याच चार महिन्यात. आणि तेव्हा तिथे काय दिसतं? काही नाही! पांढरं फटक धुकं, समोरचा माणूस दिसत नाही, आडवा पाऊस, छत्री उलटी होते. लोकांना तेच आवडतं, दरी बघायला कोणी येत नाही, धुक्यात उभं राहून कणीस खायला येतात. तिथे पायाखाली काच घालून खाली काय दाखवणार तुम्ही, ढग? आणि वाऱ्याचं म्हणाल तर 2021 मध्ये चीनमध्ये जिलिन प्रांतात काचेच्या पुलाच्या काचा जोरदार वाऱ्याने उडाल्या आणि एक पर्यटक मध्येच अडकून राहिला होता, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. आपले इंजिनिअर हुशार आहेत, बांधतील मजबूत, पण वारा वाढला की पूल बंद ठेवावाच लागेल, म्हणजे गर्दीच्या दिवशी बंद आणि एप्रिलच्या उन्हात, जेव्हा कुत्रं फिरकत नाही, तेव्हा चालू.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि तिच्यावर कोणीच बोलत नाही. करमणुकीच्या वस्तूचं आयुष्य फार थोडं असतं. गोराईचं एस्सेल वर्ल्ड 1989 मध्ये सुरू झालं, आमच्या पिढीला शाळेच्या ट्रिपला तिथे जायचं म्हणजे अमेरिका, जाहिरात पाठ होती सगळ्यांना. बंद पडलं. इमॅजिका एवढं मोठं, एवढ्या गाजावाजात आलं तरी कर्जाच्या ओझ्याखाली वाकलं आणि 2022 मध्ये मालपाणी ग्रुपकडे गेलं. ह्यात कोणाची चूक काढायची नाहीये, हा धंदाच असा आहे की दर तीन-चार वर्षांनी नवीन काहीतरी आणावं लागतं नाहीतर लोक म्हणतात पाहिलंय. सपाटीवर हे चालतं, जुनं काढायचं नवीन लावायचं, अगदीच बुडालं तर जमीन दुसऱ्या कामाला येते. पण कड्यावर? पूल जुना झाला, पंधरा जिल्ह्यांनी पंधरा काचेचे पूल बांधले आणि आपल्या पुलाची नवलाई संपली, मग तो गंजका सांगाडा कड्यातून उपटणार कोण? चिखलदऱ्याचा स्कायवॉक मेळघाटाच्या कडेला वर्षानुवर्षं परवानग्यांमध्ये अडकून पडला होता, ते उदाहरण आपल्याच राज्यात असताना ही घाई कशाला? आणि लवासा विसरलो का आपण? 1996 मध्ये सरकारने नवीन हिल स्टेशनांसाठी खास नियमावली आणली, वरसगावच्या पाण्याकाठी युरोपातल्या गावासारखं गाव उभं राहिलं, 2010 मध्ये पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवलं, 2018 मध्ये प्रकरण दिवाळखोरीत गेलं. डोंगर कापून झाला होता तोपर्यंत. दिवाळखोरीच्या कोर्टात देणेकऱ्यांची यादी लागते, त्यात डोंगराचं नाव कधी पाहिलंय?

आता समोरच्या पार्टीचा सगळ्यात तगडा मुद्दा घेतो, कारण तो खरंच तगडा आहे. सुरक्षितता. 30 जून 2024 ला भुशी डॅमच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिला, पाण्याच्या मधोमध एकमेकांना धरून उभे होते. त्यानंतर वर्ष व्हायच्या आत, 15 जून 2025 ला, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने कोसळला आणि चार जण गेले. स्कायवॉकवाले म्हणतात बघा, म्हणूनच रेलिंग लावलेली, गार्ड असलेली, तिकिटाची जागा हवी, लोक येणारच आहेत तर सुरक्षित जागी येऊ द्या. लोक येणारच आहेत हे मान्य. दरवर्षी जिल्हाधिकारी जमावबंदीचे आदेश काढतात, पोलीस संध्याकाळी धबधब्यावरून लोकांना हुसकतात, तरी लोक येतात. पण ह्यातून स्कायवॉक कसा काय निघतो ते मला कोणी समजावून सांगा. भुशीला जे कुटुंब गेलं ते काचेच्या पुलाचं तिकीट नव्हतं म्हणून पाण्यात उतरलं का? पाण्यात भिजायला आलेला माणूस पूल झाला तरी पाण्यात उतरणार, उलट पुलासाठी आलेले आणखी दहा हजार लोक तिकिटाची रांग बघून शेजारच्या धबधब्यात उतरणार. सुरक्षितता हवी असेल तर ती जिथे माणसं मरतात तिथे लागते. भुशीच्या वरच्या ओढ्याला दोरखंड, भोंगा, पाणी वाढलं की पाच मिनिटात सगळ्यांना बाहेर काढणारी गावातली पोरं, पगार देऊन. आत्ताही अपघात झाला की दरीत उतरतात कोण? गावातले आणि लोणावळा-खोपोलीचे रेस्क्यूवाले, तेही बहुतेक वेळा स्वतःचं काम सोडून. 333 कोटींच्या किती टक्क्यात हे होईल हा हिशोब कोणीही अंदाजाने करू शकतं. पण दोरखंडाचं उद्घाटन होत नाही, फीत कापता येत नाही, हा प्रॉब्लेम आहे.

दुसरा तगडा मुद्दा रोजगार. पुण्यामुंबईत बसून डोंगर वाचवा म्हणणं सोपं आहे, कुरवंड्याच्या पोराला काय, त्याला नोकरी नको का? हवीच. आणि इथे निसर्गवाले फार वाईट वागतात, गावातल्या माणसाने डोंगराची राखण करावी, घर कौलारू ठेवावं, आम्ही आलो की पिठलं-भाकरी द्यावी आणि बाकी वर्षभर काय खावं हे विचारू नये. पण मग रोजगार कोणाला मिळतो ते नीट बघा की. आत्ता पॉइंटवर जी कांदाभजी, चहा, मक्याच्या कणसाच्या टपऱ्या चालवतात त्यात आसपासच्या गावातली माणसं बरीच आहेत. उद्या फूड पार्क झाला की त्याचे गाळे लिलावाने जाणार, डिपॉझिट भरायचं, भाडं भरायचं, आणि ज्या बाईची टपरी होती ती फार तर तिथे टेबल पुसायला लागणार. मालकीण होती ती नोकर झाली, आणि आकडेवारीत ह्याला रोजगारनिर्मिती म्हणतात.

उलटं उदाहरण माथेरानचं. तिथे दस्तुरी नाक्याच्या पुढे गाडी जात नाही, 2003 पासून सगळा भाग इको-सेन्सिटिव्ह झोन आहे, म्हणजे बांधकामावर बंधनं, आणि नेमकं गाडी जात नाही म्हणूनच घोडेवाले, हमाल, छोटे लॉजवाले इतकी वर्षं तगून आहेत, गाडी थेट हॉटेलच्या दारात गेली असती तर ह्यातलं कोणाचंच काही चाललं नसतं. 1907 मध्ये पीरभॉय घराण्याने नेरळहून छोटी गाडी आणली ती त्या काळची राईडच होती म्हणा, झुकझुक करत, वळणं घेत, पोरं आजही खिडकीतून किंचाळतात. राईडला विरोध नाही म्हणतो तो ह्यासाठी, ती गाडी माणसांना वर नेते आणि मोटारींना खाली ठेवते. पण माथेरानचं नुसतं कौतुक करून चालणार नाही. ती शांतता कोणाच्या तरी खांद्यावर उभी होती. माणसाने माणसाला हातरिक्षात बसवून चढावर ओढत न्यायचं, स्वातंत्र्याला पंच्याहत्तर वर्षं होऊन गेली तरी, आणि वर बसलेला माणूस म्हणणार अहाहा काय शांत आहे, हॉर्न नाही काही नाही. शेवटी ऑगस्ट 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की हे अमानुष आहे, सहा महिन्यात बंद करा आणि ई-रिक्षा द्या. बरोबर केलं. ई-रिक्षाने माथेरानचं वाटोळं होईल म्हणणारे काही लोक अजून आहेत, त्यांनी स्वतः एकदा ती हातरिक्षा पावसात ओढून बघावी मग बोलावं. शांतता हवी असेल तर तिचा खर्च आहे आणि तो गरिबाच्या पाठीवर टाकायचा नाही, ह्यात मला काही तडजोड दिसत नाही.

आणि शांत पर्यटन, इको पर्यटन म्हणून जे चाललंय ते तरी कुठे शांत आहे? काजवे घ्या. पाऊस यायच्या आधी, मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला, राजमाचीला, पुरुषवाडीला, भंडारदऱ्याला झाडं लखलखतात. बिचारे किडे अंधारात एकमेकांना शोधण्यासाठी चमकतात, त्यांचं लग्नाचं वय तेवढंच, पंधरा दिवसांचं. आणि आपण काय करतो, रात्री हेडलाइट लावून गाड्यांची रांग, मोबाइलचे टॉर्च, फ्लॅश, काजवे बाटलीत भरणारे महाभाग. ह्याला नाव काय तर निसर्ग अनुभव! ह्यात एकही राईड नाही, एकही काच नाही, तरी एखाद्या थीम पार्कने केला नसता एवढा धिंगाणा आहे. कळसूबाईला रविवारी शिडीपाशी रांग लागते. रांगेतला प्रत्येक जण मनात म्हणत असतो की हे बाकीचे लोक कशाला आले. म्हणजे गर्दीचं ठिकाण निसर्गवादी पोस्टर लावून सुधारत नाही, त्याला आकडा लागतो.

आकडा लावून काय होतं ते कासला दिसतं. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या ज्या 39 जागा युनेस्कोच्या यादीत गेल्या त्यात कास होतं, मग अख्खा महाराष्ट्र फुलं तुडवायला तिथे गेला, लोक फुलांवर झोपून फोटो काढत होते हो. नंतर ऑनलाइन बुकिंग आलं, दिवसाला 3000 माणसांची मर्यादा आली, तिकीट आलं, आणि व्यवस्था आसपासच्या गावांच्या समितीकडे, वनखात्याबरोबर. सगळं आलबेल आहे असं नाही, हंगामात आजही ट्रॅफिक जाम होतो, बुकिंग न करता येऊन ओळख सांगणारे असतातच. पण फुलं आहेत, आणि गावातल्या पोरांना गाइड म्हणून, पार्किंगवर, गेटवर काम आहे. काचेचा एक तुकडा न लावता रोजगार झाला की नाही? तमिळनाडूत तर कोर्टाने ह्याच्या पुढचं केलं. मद्रास हायकोर्टाने मे 2024 पासून ऊटी आणि कोडाईकनालला ई-पास सक्तीचा केला आणि 2025 च्या उन्हाळ्यात आकडेच ठरवून दिले, ऊटीला आठवड्याच्या दिवशी 6000 गाड्या आणि शनिवार-रविवारी 8000, कोडाईला 4000 आणि 6000. सरकारी बसला मर्यादा नाही, स्थानिकांच्या गाड्यांना नाही. व्यापाऱ्यांनी बंद पाळला, आमचा धंदा बुडेल म्हणाले, आणि त्यांची भीती खोटी नव्हती, एका सीझनवर वर्ष काढणारा माणूस घाबरणारच. पण ऊटीची मर्यादा माणसांना नाही, मोटारींना आहे. बसने शंभर जण आले तर धंद्याला तेवढेच चांगले आणि रस्त्याला पन्नास गाड्यांपेक्षा कितीतरी हलके.

इथे एकजण नक्की म्हणणार की मर्यादा लावली की श्रीमंत आत आणि गरीब बाहेर, ज्याला ऑनलाइन बुकिंग जमतं तोच डोंगर बघणार. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तिकीट वाढवून गर्दी कमी करायचा मोह सरकारला होतोच. म्हणून तिकीट कमी ठेवा, ठरावीक जागा खिडकीवर द्या, लोणावळा स्टेशनवरून पॉइंटपर्यंत एसटी किंवा नगरपालिकेच्या बस सोडा आणि बसने आलेल्याला आधी आत घ्या. मुंबईहून लोकल-पॅसेंजर बदलत आलेलं पोरांचं टोळकं आणि एसयूव्हीतून आलेलं कुटुंब ह्यात अडवायचंच असेल तर एसयूव्हीला अडवा, जागा ती खाते. आजची पद्धत काय आहे? ज्याच्याकडे गाडी तो पोचतो, बाकीचे टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालतात. ही समानता आहे असं ज्यांना वाटतं त्यांना माझा नमस्कार.

आणि श्रीमंतांचा विषय निघालाच आहे तर बोलूनच टाकतो. लोणावळ्यातला सगळ्यात मोठा थीम पार्क कुठला माहितीय का, तो कुठल्याच बोर्डावर नाही. तो म्हणजे खाजगी व्हिला. प्रत्येक टेकाडावर एक, प्रत्येकाला स्वतःचा स्विमिंग पूल, वीकेंडला भाड्याने, रात्री दोनपर्यंत स्पीकर. शेकडो लोकांनी एका वॉटर पार्कचा एक पूल वापरला तर तो फालतूपणा आणि बारा जणांनी एक पूल वापरला तर ते क्वालिटी टाइम, हा कुठला न्याय? पाणी कोण जास्त नासतं? डोंगर कोणी जास्त कापला? आमच्याच ओळखीतले एक गृहस्थ, व्हिलाच्या गच्चीत बसून, मागे गाणी चालू असताना, स्कायवॉकविरोधी पोस्ट शेअर करत होते. महाबळेश्वरला 2001 पासून, माथेरानला 2003 पासून इको-सेन्सिटिव्ह झोन लागू आहे, तरी तिथे बांधकामं होतात ती गोष्ट वेगळी, पण लोणावळ्याला तेवढंही कुंपण नाही. म्हणून मर्यादा लावायची तर आधी किती खोल्या, किती पूल, किती बोअरवेल ह्यावर लावा. मग दिवसाचा प्रवासी मोजा.

गुडघे गेलेल्या आजीला मी वर विसरलेलो नाही. रायगडाला 1996 पासून रोपवे आहे आणि त्यामुळे हजारो म्हाताऱ्या माणसांनी महाराजांची समाधी पाहिली, ज्यांनी एरवी पायथ्यावरूनच हात जोडले असते. रोपवेलाही तेव्हा विरोध करणारे होते. पण ती सोय आहे, ती माणसाला जिथे जायचंय तिथे नेते आणि संपते, गाडीरस्ता गडाच्या माथ्यापर्यंत जाण्यापेक्षा लाख पटीने बरी. टायगर पॉइंटलाही व्हीलचेअर जाईल असा सपाट मार्ग, चांगलं रेलिंग, बसायला बाक, छप्पर, आणि खरंच स्वच्छ, पाणी असलेली टॉयलेट एवढं झालं तर आजी, नातू, सून तिघांचं काम होतं. त्याला स्कायवॉक लागत नाही, आणि निसर्गवाल्यांनी टॉयलेटलाही काँक्रीट म्हणून विरोध करू नये, प्लीज. बायका तासन्‌तास पाणी न पिता डोंगर बघतात तो निसर्गप्रेमाचा भाग नाहीये.

नवीन महाबळेश्वरचं, म्हणजे सरकार आखत असलेल्या नव्या हिल स्टेशनचं, घोंगडं तर ह्याहून मोठं आहे. साताऱ्यात कोयनेच्या आसपासची दोनशेच्या वर गावं, एमएसआरडीसी म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळ नियोजन करणार, शेजारी सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. एका पॉइंटवर 333 कोटींचा निर्णय आपण धड वाद घालून घेऊ शकत नसू तर तिथे काय करणार? तिथेही हीच वाटणी करता येते. कराड-पाटणच्या बाजूला हायवेजवळ, सपाटीला काय पाळणे लावायचेत ते लावा, कोयनेच्या पाण्याच्या वरची पठारं आणि सडे सोडा, आणि गावाला विचारताना नुसती हरकती-सूचनांची नोटीस पेपरात छापून मोकळं होऊ नका, ग्रामसभेत नकाशा भिंतीवर लावा.

स्कायवॉकच्या बातम्यांमध्ये मी किती कोटी वाचलं, किती हेक्टर वाचलं, काय काय खेळ असणार ते वाचलं. रविवारी दुपारी दोन वाजता त्या कड्यावर जास्तीत जास्त किती माणसं उभी असतील, तो आकडा मला कुठेच दिसला नाही. कुरवंड्याच्या पुढच्या ग्रामसभेत कोणी जाणार असेल तर एवढं विचारा. आणि तिथे टपऱ्या आत्ता किती आहेत, त्यातल्या किती जणांना गाळा मिळणार, लेखी, तेही विचारून घ्या.